नर्सरीतलं 'आयरिस' नक्की कोणतं? ठाणे-नवी मुंबईच्या बागवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, खारघर अशा सगळीकडून फोटो येतात आणि खाली एकच ओळ असते, "हे आयरिसच ना?" तेच ते प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सगळं वाचायलाच हवं असं नाही. आपला प्रश्न शोधा आणि तेवढं वाचा.

घोडबंदर रोडवरच्या नर्सरीतून 'आयरिस' म्हणून रोप आणलं. ते खरंच आयरिस असेल का?

बहुतेक नसेल. आणि ठाण्याच्या बाल्कनीत फारसे लाड न करता ते दर वर्षी फुलत असेल, तर नाहीच म्हणा.

आयरिस प्रजातीत अडीचशेहून जास्त जाती आहेत, पण त्यातल्या बहुसंख्य थंड हिवाळ्याच्या प्रदेशातल्या. भारतात रानटी आयरिस पाहायच्या तर हिमालयात जावं लागतं. काश्मीरमध्ये तर कब्रस्तानांतही आयरिस लावतात. आपल्याकडे जानेवारीतही पारा पंधरा अंशांखाली क्वचितच जातो आणि जून ते सप्टेंबर कुंडीतली माती वाळायचं नाव घेत नाही. या दोन्ही गोष्टी बहुतेक आयरिसला मानवत नाहीत.

आपल्या भागात 'आयरिस' म्हणून विकलं जाणारं रोप बहुधा ट्रायमेझिया असतं, ज्याला बरेच जण अजून निओमॅरिका म्हणतात. ते नसेल तर डाएटीस. दोन्ही आयरिडेसी कुळातली, म्हणजे आयरिसची भावंडंच. पण केशर आणि ग्लॅडिओलसही त्याच कुळातले आहेत आणि त्यांना कोणी आयरिस म्हणत नाही.

फुलावरून कसं ओळखायचं? सोप्या भाषेत सांगा.

फूल ताजं असताना, शक्यतो सकाळीच बघा. बरोबर एक टूथपिक घ्या.

खऱ्या आयरिसच्या फुलात तीन-तीनचे तीन थर असतात. बाहेरच्या तीन पाकळ्या मोठ्या आणि खाली झुकलेल्या. आतल्या तीन बहुतेक जातींत उभ्या. आणि मधोमध आणखी तीन रंगीत पट्टे दिसतात, ज्यांना आपण पाकळ्याच समजतो. त्या पाकळ्या नव्हेत. फुलाच्या स्त्रीकेसराची वरची टोकं रुंद होऊन पाकळीसारखी झालेली असतात. प्रत्येक पट्टा आपापल्या झुकलेल्या पाकळीवर ओणवा झालेला असतो. टूथपिकने तो हलकेच वर उचला. खाली एकच पुंकेसर दडून बसलेला दिसला पाहिजे. मधमाशी पाकळी आणि पट्टा यांच्या फटीतून आत शिरते, तेव्हा तिच्या पाठीला पराग लागतो. ही तीन झाकलेली दालनं म्हणजे आयरिसची खरी खूण. रंग, आकार, ठिपके यांत फसायला होतं, यात सहसा नाही.

आता ट्रायमेझिया बघा. बाल्कनीत सगळ्यात जास्त दिसणाऱ्या जातीत बाहेरच्या तीन पाकळ्या पांढऱ्या, रुंद आणि सपाट पसरलेल्या असतात, तळाशी तपकिरी-पिवळे पट्टे. आतल्या तीन लहान, निळसर-जांभळ्या आणि टोकाशी मागे गुंडाळलेल्या. मध्ये एक उभा खांब असतो आणि पुंकेसर त्या खांबालाच चिकटून उभे असतात. टूथपिकने उचलायला ओणवा पट्टाच सापडत नाही. शिवाय सकाळी उमललेलं फूल संध्याकाळपर्यंत मिटून गेलेलं असतं.

डाएटीस जास्त फसवं आहे, कारण त्याच्या मधल्या पट्ट्या आयरिससारख्याच पाकळीवजा असतात. तिथे दुसरी परीक्षा लावायची. आयरिसच्या सहाही पाकळ्या खाली एकमेकींना जोडून नळी तयार होते. डाएटीसच्या पाकळ्या बुडापर्यंत सुट्या असतात. कोमेजायला आलेलं फूल हातात घ्या आणि एकच पाकळी हळूच ओढा. शेजारणीला धक्का न लावता ती स्वच्छ निघून आली तर डाएटीस.

फूलच नाही हो. नुसती पानं आहेत. मग?

मग घाई करू नका. पानांवरून कूळ सांगता येतं, जात सांगणं धोक्याचं.

रोपाच्या बुडाशी बघा. आयरिसच्या कुळात पानं दोन्ही बाजूंनी दुमडून एकात एक बसवलेली असतात आणि सगळी एकाच प्रतलात, हातपंखा उघडावा तशी पसरतात. पानाला वरची बाजू आणि खालची बाजू असा भेद नसतो, दोन्हीकडे सारखंच हिरवं. उलट स्पायडर लिली, डे लिली यांच्या पानांना पन्हाळी असते आणि पाठ-पोट वेगळं ओळखू येतं. बिनफुलाची स्पायडर लिली 'आयरिस' म्हणून गळ्यात मारल्याचे फोटो आमच्याकडे येत असतात. तेवढी तरी फसवणूक बुडाकडे एक नजर टाकली की टळते. एक अपवाद लक्षात ठेवा: कंदापासून येणाऱ्या डच आयरिसची पानंही पन्हाळीची असतात.

मग अंगठा पानावरून आडवा फिरवा. मधोमध उंचवट्याची शीर लागली तर ट्रायमेझिया असण्याची शक्यता वाढते. पाणथळ आयरिसपैकी काहींतही ती असते, पण त्या आपल्या नर्सऱ्यांत कमी. शीर न लागणारी, राखाडी झाक असलेली, मेणचट पानं आणि मातीच्या वरच दिसणारे जाड, गाठाळ, आल्यासारखे गड्डे असतील तर दाढीवाल्या (झुकलेल्या पाकळीवर केसांची पट्टी असलेल्या) आयरिसचा संशय घ्यायला जागा आहे.

लेबलवर 'वॉकिंग आयरिस' लिहिलं आहे. हे चूक म्हणायचं का?

नाही. हे ट्रायमेझियाचं बोलीतलं इंग्रजी नाव आहे आणि जगभर चालतं. फुलाचा दांडा पानासारखाच चपटा असतो. फुलं संपली की त्याच्या टोकाला छोटं रोप फुटतं, वजनाने दांडा वाकतो, माती लागली की ते पिल्लू तिथेच मूळ धरतं. पुढच्या वर्षी ते आणखी पुढे जातं. म्हणून 'चालणारं'.

चूक होते ती तिथून पुढे. 'वॉकिंग' गळतं, नुसतं 'आयरिस' उरतं. मग कोणीतरी इंटरनेटवर आयरिस शोधतं, पहिलं जे शास्त्रीय नाव दिसेल ते उचलतं आणि पाटीवर 'आयरिस जर्मेनिका' येतं. ब्राझीलकडची झाडं, नाव युरोपातलं. असल्या पाटीला मात्र चूकच म्हणायचं.

पांढरं-निळं, नुसतं निळं आणि पिवळं, ही तिन्ही एकच का?

तीन वेगळ्या जाती. पांढरं-निळं, गुडघ्याएवढं येणारं ते बहुधा ट्रायमेझिया ग्रॅसिलिस. कमरेएवढ्या उंच, रुंद पानांचं आणि गडद निळ्या फुलांचं ते सेरुलिया. सोसायट्यांच्या आवारात लँडस्केपवाले 'ब्लू आयरिस' म्हणून लावतात ते हेच. पिवळ्यात दोन जाती बाजारात मिसळलेल्या असतात आणि दोघींच्या फुलात मध्यभागी तपकिरी ठिपके असतात. नुसत्या फोटोवरून त्या वेगळ्या करायच्या फंदात पडू नका.

एक गंमत सांगते. या झाडांच्या एकाच वाफ्यातली फुलं बहुतेक एकाच दिवशी उमलतात. मधले काही दिवस शुकशुकाट, मग पुन्हा एका सकाळी सगळी एकदम. शेजारच्या विंगमधल्या काकूंचं आणि तुमचं रोप एकाच मुळाचं असेल तर दोघींकडे एकाच सकाळी फुलं येतात. कोणाकडून कोणाकडे पिल्लू गेलं याचा तो चांगला पुरावा.

'लेपर्ड लिली' म्हणून घेतलेल्या रोपाला तुम्ही आयरिस म्हणालात. हे कसं काय?

या सगळ्या गोंधळात मला सर्वांत आवडणारं प्रकरण हेच.

नारिंगी फूल, त्यावर लाल ठिपके, सहा जवळजवळ सारख्या पाकळ्या. नर्सरीत 'लेपर्ड लिली' किंवा 'ब्लॅकबेरी लिली' म्हणतात. वर सांगितलेल्या टूथपिकच्या परीक्षेत हे फूल सपशेल नापास होतं. झुकलेल्या पाकळ्या नाहीत, ओणवे पट्टे नाहीत, पुंकेसर उघड्यावर. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्याला दीर्घकाळ वेगळं ठेवलं होतं आणि बेलमकांडा हे नाव दिलं होतं. त्याआधी १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तर त्याला एकदा ऑर्किडमध्ये घातलं होतं. पुढे डीएनए तपासल्यावर कळलं की हे झाड आयरिसच्या घराण्यातच बसतं. २००५ मध्ये त्याचं नाव आयरिस डोमेस्टिका झालं.

तेव्हा आपल्याकडच्या नर्सऱ्यांत 'आयरिस' लिहिलेलं रोप आयरिस नसतं आणि 'लिली' लिहिलेलं हे एक रोप खरं आयरिस असतं. मुख्य म्हणजे ते आपल्या उकाड्यात टिकतं. पाणी साचू दिलं नाही तर पावसाळाही काढतं.

ओळख पक्की करायची असेल तर फूल तोडू नका, वाट बघा. कोमेजताना ते पिळलेल्या फडक्यासारखं स्वतःभोवती पीळ घेतं आणि गळून पडतं. नंतर शेंग तडकते. टरफलं मागे वळतात आणि काळ्या, चकचकीत बियांचा घोस मधल्या दांड्याला चिकटून उभा राहतो. या घोसामुळेच 'ब्लॅकबेरी'. या बिया पेरल्या तर उगवतात, पण फुलांसाठी धीर धरावा लागतो.

'वेखंड' म्हणून घेतलेलं रोप आयरिस निघू शकतं का? किंवा उलट?

दोन्ही होतं. आणि इथे सांगितलेल्या सगळ्या गोंधळांत सगळ्यात गंभीर हाच, म्हणून जरा सविस्तर.

वेखंड म्हणजे ॲकोरस कॅलॅमस. आयरिसच्या कुळाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. पण तलवारीसारखी उभी पानं, दलदलीत वाढायची सवय, जमिनीत आडवा सरकणारा गड्डा, हे सगळं पिवळ्या पाणआयरिससारखंच. फूल नसताना दोन्ही शेजारी ठेवली तर माळीही चक्रावतो. आपल्याकडे औषधी रोपांच्या रांगेत वेखंड हमखास असतं, कारण घुटीच्या साहित्यात ते पिढ्यानपिढ्या आहे.

पान चुरगाळा. वेखंडाचा तो ओळखीचा उग्र-गोड वास लगेच बोटांना लागतो आणि हात धुतले तरी रेंगाळतो. आयरिसच्या पानाला चुरगाळल्यावर नुसता हिरवट वास येतो. दुसरी खूण: वेखंडाच्या पानाची मधली शीर बरोबर मध्ये नसते, एका कडेला सरकलेली असते, आणि बऱ्याचदा पानाची एक कड चुणीदार होते. पानासारख्याच दिसणाऱ्या दांड्यातून बोटाएवढं हिरवट कणीस तिरकं बाहेर आलेलं दिसलं तर प्रश्नच मिटला. वेखंडाला पाकळ्यांचं फूल येत नाही.

आयरिसच्या गड्ड्यांनी पोट बिघडतं, उलट्या होतात आणि काहींच्या कातडीला खाज सुटते. नर्सरीतून 'वेखंड' आणलं आणि त्याला वास नाही, तर ते सहाणेवर उगाळायचं नाही, बाळाच्या जवळपासही न्यायचं नाही. खरं सांगायचं तर खरं वेखंडही कुंडीतून उपटून बाळाला चाटवू नये. त्यात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं आणि अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी आहे. बाळासाठी काही द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आजीला राग येईल, येऊ दे.

'आफ्रिकन आयरिस' कुठून आलं?

ते डाएटीस, दक्षिण आफ्रिकेकडचं. आपल्या भागात दोन दिसतात: पांढऱ्या फुलाचं, पिवळा ठिपका आणि निळसर मध्य असलेलं, आणि फिकट पिवळ्या फुलाचं, बुडाशी गडद तपकिरी डाग असलेलं. दुसऱ्याचं नाव डाएटीस बायकलर. पांढऱ्या फुलाच्या रोपाचा एकदा फुललेला दांडा कापू नका, त्यावर पुन्हा कळ्या येतात.

ऑनलाइन दाढीवाल्या आयरिसचे गड्डे मागवले. हिरवं छान आलं, फूल मात्र नाही. लेबल चुकलं का?

इथे लेबल बरोबर असण्याची शक्यता जास्त, चुकली ती जागा. दाढीवाली आयरिस म्हणजे आयरिस जर्मेनिका आणि तिच्या संकरित वाणांचा मोठा गोतावळा. झुकलेल्या पाकळीवर केसांची दाट पट्टी असते, तीच दाढी. यांना कळी धरायला हिवाळ्याची खरी थंडी लागते. ती ठाण्यात नाही, बेलापूरच्या टेकडीवरही नाही. पावसाळ्यात गड्डा सडला नाही हेच पुष्कळ. तो सडला असेल तर दाबल्यावर मऊ लागतो आणि वास मारतो. सडलेला भाग कापून उरलेला सावलीत सुकवा आणि महाबळेश्वर किंवा त्याहून थंड गावी कोणी ओळखीचं असेल तर त्यांना देऊन टाका.

विकणाऱ्याचा दोष एवढाच की 'सर्व हवामानात फुलते' असं त्याने बिनदिक्कत लिहिलेलं असतं.

फुलवाल्याकडे बुकेमध्ये जे निळं आयरिस मिळतं ते कोणतं? कंद आणून लावता येईल?

ती डच आयरिस. निळी किंवा जांभळी, झुकलेल्या पाकळीवर पिवळा डाग, दाढी नाही. संकरित आहे आणि छोट्या कांद्यासारख्या कंदापासून येते. फुलशेतीवाले लावण्याआधी कंदांना काही आठवडे थंडी देतात, तेव्हा ती वेळेवर फुलते. नोव्हेंबरात असे कंद लावले तर एखादं फूल मिळेलही. त्याच कंदावर पुढच्या वर्षी फुलाची आशा धरू नका. आणि कंद मागवताना जरा बघून घ्या, कारण लहान तपकिरी कंद सगळे सारखेच दिसतात. 'आयरिस' म्हणून आलेल्या पाकिटातून पावसाळ्यात गुलाबी रेन लिली फुलली की तोंड वेडंवाकडं करण्यापलीकडे काही करता येत नाही. ती लिली मात्र ठेवा, आपल्याकडे मस्त वाढते.

सप्तरंगी आयरिसच्या बिया मिळतात. घेऊ का?

नका घेऊ. एकाच पाकळीवर लाल, निळा, हिरवा असे पट्टे असलेलं आयरिस कुठेच नाही. तो फोटो कॉम्प्युटरवर रंगवलेला असतो. शिवाय दाढीवाल्या आयरिसचे नावाजलेले वाण बियांतून जसेच्या तसे येत नाहीत, गड्डे फोडूनच वाढवावे लागतात. बियांच्या पाकिटावर वाणाचं नाव दिसलं की तिथेच पाणी मुरतंय असं समजा. आलंच पाकीट, तर बिया बघा: आयरिसच्या बिया चांगल्या ठसठशीत असतात, मोहरीहूनही बारीक भुकटी निघाली तर ते दुसरंच काही आहे.

गच्चीवरच्या कमळाच्या टबात 'वॉटर आयरिस' लावायची आहे. कोणती आहे हे कसं कळेल?

पिवळी असेल आणि पानं कमरेच्या वर जात असतील तर ती युरोपातली आयरिस स्यूडॅकोरस. ती टबातच ठेवा. जगात अनेक ठिकाणी तिने ओढे आणि तळ्यांचे काठ व्यापून टाकले आहेत, तिचे गड्डे तुटून वाहत जातात आणि बियाही पाण्यावर तरंगतात. आपल्या ठाण्याला तळ्यांचं शहर म्हणतात, त्यामुळे जास्तीचे गड्डे उपवनच्या किंवा मासुंद्याच्या काठी 'सोडून' यायची हौस करू नका. सुकवून कचऱ्यात टाका.

जपानी म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन जाती, एन्साटा आणि लेव्हिगाटा, लेबलांवर कायम अदलाबदल झालेल्या असतात. अंगठा फिरवा: एन्साटाच्या पानाला ठळक मधली शीर लागते, लेव्हिगाटाचं पान गुळगुळीत. 'केम्फेरी' हे एन्साटाचंच जुनं नाव. दोघींनाही आपला उन्हाळा जड जातो.

पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचं 'व्हेरिगेटेड आयरिस' कोणतं?

लँडस्केपवाल्यांकडे ते बऱ्याचदा डायनेला असतं. पान बुडाशी दुमडलेलं, वर उघडलेलं. फुलं अगदी बारीक, निळी, चांदणीच्या आकाराची आणि नंतर निळी फळं. आयरिसच्या कुळातलं ते नाही.

मुलगा कॉलेजात 'आयरिस डेटासेट' शिकतोय. पाकळ्या मोजून आपलं रोप ओळखता येईल का, म्हणतो.

ऐरोली-महापेच्या पट्ट्यात राहणाऱ्या घरांतून हा प्रश्न येणारच! कॉम्प्युटर प्रोग्रॅमला मापांवरून फुलं ओळखायला शिकवताना वापरतात त्या या डेटासेटमध्ये तीन जातींची प्रत्येकी ५० अशी १५० फुलं आहेत: सेटोसा, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका. प्रत्येक फुलाची चार मापं, बाहेरच्या आणि आतल्या पाकळीची लांबी-रुंदी. फुलं वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांच्या अभ्यासातली. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि तेव्हापासून ती आकडेवारी जगभरच्या विद्यार्थ्यांच्या मागे लागली आहे.

पण तिथे फक्त तीनच खाने आहेत. तुमच्या बाल्कनीतल्या ट्रायमेझियाची मापं घातली तरी तो प्रोग्रॅम त्याला तीनपैकी एका खान्यात कोंबणार, 'हे आयरिसच नाही' असं म्हणायची त्याला सोयच नाही. गंमत म्हणजे त्या आकडेवारीतही सेटोसा सहज वेगळी पडते, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका मात्र एकमेकींत मिसळतात, आणि परदेशी नर्सऱ्यांत नेमक्या याच दोघींची लेबलं बऱ्याचदा चुकतात. तिथे मापांपेक्षा झुकलेल्या पाकळीवरचा डाग बघतात: व्हर्जिनिकाचा पिवळाधमक आणि बारीक लव असलेला, व्हर्सिकलरचा हिरवट-पिवळा, बिनलवेचा. मुलाला हे सांगा, प्रोजेक्टला कामी येईल.

मोबाइलचं ॲप 'आयरिस' दाखवतंय. मग तुमचं ऐकू की ॲपचं?

ॲपला काय दाखवलं त्यावर आहे. नुसती पानं दाखवली तर ते सरसकट आयरिस म्हणतं. फुलाचा समोरून एक, बाजूने एक, पट्टा उचलून आतला एक, बुडाशी पानं कशी बसली आहेत त्याचा एक आणि माती बाजूला करून गड्ड्याचा एक, असे फोटो काढा. ते आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकलेत तर जाणकार माणसं नाव सुचवतात. कुंडीतलं झाड असेल तर 'लागवडीचं' अशी खूण करायला विसरू नका, नाहीतर खारघरच्या डोंगरात ब्राझीलचं झाड रानटी म्हणून नोंदलं जायचं.

नर्सरीवाले मुद्दाम फसवतात का?

काही ऑनलाइन विक्रेते हो, सप्तरंगीवाले तर सरळ लबाड. पण रस्त्याकडेच्या नर्सरीवाल्या दादांवर मी तरी तसा आरोप करणार नाही. रोप येतं कुठून ते बघा. आंध्रातल्या कडियमहून, उरुळी कांचनकडून, बंगालकडून, ट्रक भरून. तिथे एक नाव, ट्रकवाल्याच्या कागदावर दुसरं, घाऊकवाल्याच्या तोंडी तिसरं आणि इथे पिशवीवर खडूने चौथं. यात शास्त्रीय नावं स्वतःच बदलत असतात. निओमॅरिकाचं ट्रायमेझियात विलीनीकरण २०१८ मधलं. तेव्हा पाटीवर 'निओमॅरिका' किंवा 'बेलमकांडा' दिसलं तर त्यांच्याशी वाद घालू नका. ती नावं जुनी आहेत, खोटी नाहीत.

घेतानाच काय विचारू, म्हणजे पुढे डोकेदुखी नको?

नाव विचारू नका, फूल विचारा. "फुललेलं दाखवा" किंवा "मागच्या सीझनचा फोटो आहे का?" फूल किती दिवस टिकतं तेही विचारा. "एकच दिवस" असं उत्तर आलं तर ट्रायमेझिया असायची शक्यता मोठी. पिशवी उचलून बुडाकडे बघा, पान चुरगाळून वास घ्या. रोप आवडलं असेल तर नाव काहीही असो, घ्या. ट्रायमेझिया आपल्या दमट हवेत, उत्तरेकडच्या बाल्कनीतसुद्धा जितकी सुखाने नांदते तितकी खरी आयरिस कधीच नांदणार नाही. बारा पानं झाल्याशिवाय ती फुलत नाही असं म्हणतात. आकडा मोजत बसायची गरज नाही, पण रोप भरायला वेळ घेतं हे खरं.

ऑनलाइन वेगळंच रोप आलं आणि विक्रेता परत घेत नाही. काही करता येतं का?

करता येतं. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, असं २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम सांगतात. जाहिरातीचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा, नंतर पान बदलतं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असला तर उत्तम. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. अडचण एकच: चूक कळते फूल आल्यावर, आणि तोवर परतीची मुदत उलटून गेलेली असते. म्हणून रोप हातात आल्याबरोबर बुडाचा आणि गड्ड्याचा फोटो काढून विक्रेत्याला पाठवा आणि जातीचं नाव लेखी मागा.

आता घरातल्या कुंडीवर काय लिहू?

खात्री झाली असेल तेवढंच. 'ट्रायमेझिया, पांढरं-निळं' पुरे. खात्री नसेल तर कुठून आणलं, कधी आणलं आणि पहिलं फूल कोणत्या महिन्यात आलं ते लिहा. प्लास्टिकच्या पट्टीवर मार्करने लिहिलेलं ऊन-पावसात उडून जातं, साध्या पेन्सिलने लिहिलेलं बरंच टिकतं. पिल्लू कोणाला दिलंत तर ही पट्टी त्याच्याबरोबर द्या.